क्लचचा हिसका

अमेरिकेतलं पिट्सबरो गाव मागे टाकून मोठा रस्ता सोडला की पाइनची दाट रांग लागते, आणि ती रांग विरळ होते तिथं घारपुऱ्यांचं घर आहे. घर उंचवट्यावर. घरापासून जमीन उतरत जाते ती थेट ओढ्यापर्यंत. माती लाल, पाऊस पडून गेला की बुटाला अशी धरते की ओढून काढावा लागतो पाय. ओढ्याकाठी सावलीला पॉपॉची झाडं आहेत. पॉपॉ हे सीताफळाच्याच कुळातलं फळ. वरून हिरवट, आत पिवळा मऊ गर आणि काळ्या चपट्या बिया. दुकानात ते सहसा दिसत नाही, कारण तोडलं की लगेच काळवंडतं. ज्याच्या वाटेत झाड असेल त्यानं तिथंच उभं राहून खावं, असं ते फळ.

ही झाडं शैलजानं लावलेली नव्हती, पण शोधली तिनं. डॉक्टरांनी जमीन घेतली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. कॅरी गावातलं आधीचं घर चांगलं होतं, शेजारपाजार होता, किराणा हाकेच्या अंतरावर होता. पण डॉक्टर चारुदत्त घारपुरे यांना निवृत्तीनंतर जमीनदार व्हायचं होतं, आणि डॉक्टरांच्या मनात आलेली गोष्ट घरात आधी व्हायची, मग कळायची. शैलजा आली, पहिलं वर्ष रुसून राहिली, आणि मग एका भाद्रपदात ओढ्याकाठी तिला गोडसर वास आला. वासाच्या मागानं गेली तर पानांत पडलेलं फळ. फोडून जिभेवर ठेवलं आणि तिथंच बसली. त्या दिवसापासून ती जमीन तिची झाली. कागदावर नव्हे, पण कुठल्या झाडाखाली कधी ऊन येतं हे जिला ठाऊक, तिची.

शैलजा इचलकरंजीची. वडील मागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालता करणारे. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची ती खटखटाटात उभी राहून पट्टे फिरताना बघत राहायची. पुढे मिरजेला नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात चारुदत्त भेटले. लग्न त्यांनी हट्टानं केलं, आणि तो हट्ट केल्याचं पुढं आयुष्यभर तिला ऐकवलं. अमेरिकेत आल्यावर तिला परीक्षा देऊन पुन्हा नर्स होता आलं असतं. डॉक्टर म्हणाले, "कशाला? घारपुऱ्यांच्या घरात मी कमावतोय ना." पुस्तकं आणली होती ती तिनं माळ्यावर ठेवली. मुलगा अमेय मोठा झाला, मॉरिसव्हिलला घर केलं, कंपनीत वर चढला. आणि एके सकाळी दात घासताना डॉक्टरांची उजवी बाजू गेली.

त्या दिवसापासून तिच्या न झालेल्या परीक्षेची रोज परीक्षा सुरू झाली. आंघोळ, औषधं, मालिश, बटणं. डॉक्टरांना घरात काठी घेऊन चालता यायचं, पण उतार उतरणं त्यांच्यानं होत नव्हतं. तेव्हा तिनं शेडमधली एटीव्ही बाहेर काढली. चार जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची ती गाडी डॉक्टरांनी लाकडं ओढायला घेतली होती; मागं पाठ टेकायची बैठक होती. शैलजा स्वतःच चालवायला शिकली. उजव्या अंगठ्यानं थ्रॉटल दाबायचं, की गाडी निघाली. रोज संध्याकाळी डॉक्टरांना मागं बसवून, पट्ट्यानं बांधून, ती ओढ्यापर्यंत न्यायची. तिथं ते पाण्याकडे बघत बसायचे. दिवसातला तेवढा एकच वेळ असा असायचा की ते तिच्यावर ओरडत नसत.

मग गाडी हिसका द्यायला लागली.

आधी अंगठा दाबला की ती हळूच चालू पडायची, पाण्यात होडी ढकलावी तशी. आता अंगठा दाबला तरी जागची हलायची नाही. इंजिन गुरगुरत वर चढायचं, चढायचं, आणि मग एकदम पुढं उसळी. मागं बसलेल्या माणसाची मान मागं जाऊन पुढं यायची. चांगल्या माणसाला चाललं असतं. डॉक्टरांची मान आधीच अधू.

"अगं, माणूस नेतेस की बटाट्याचं पोतं?"

"अहो, मी हळूच दाबते. गाडीच तशी करते."

"गाडीला काय झालंय? हीच गाडी मी चालवत होतो. तुझा अंगठा म्हणजे वरवंटा आहे नुसता."

हे महिनोन्महिने चाललं. दुकानात न्यायची तर ट्रेलर हवा. ट्रेलर अमेयच्या मित्राचा, आणि अमेय दर वेळी म्हणायचा, "नेक्स्ट वीकेंडला नक्की, आई." संध्याकाळच्या फेऱ्या कमी होत गेल्या. डॉक्टर खिडकीशी बसायला लागले, आणि खिडकीशी बसलेल्या माणसाला बोलायला फार वेळ असतो.

उन्हाळ्यात अमेय आणि सूनबाई अनया जेवायला आले. अमेयनं मॉरिसव्हिलच्या टाउनहाउसचा विषय काढला. त्याच्या घरामागच्याच ओळीत होतं, खाली एक खोली, वर दोन. "बाबांना थेरपी जवळ पडेल. तुम्ही दोघं इथं जंगलात एकटे. मला तिकडं मीटिंगमध्ये सुचत नाही."

शैलजा पोळी वाढत होती. म्हणाली, "मला इथंच राहायचंय."

 मग डॉक्टर हसले. डाव्या हातानं चमचा वर करून म्हणाले, "ठीक आहे. कोर्ट बसलंय, निकाल देतो. हिनं मला ओढ्यापर्यंत नेऊन आणायचं. एकही हिसका न देता. जमलं तर इथंच राहू, मरेपर्यंत. नाही जमलं तर अमेय, तू म्हणशील तसं."

"डील, आई?" अमेय हसत म्हणाला.

अनयाही हसली. "काकांचं काय बाई, एकेक!" सासऱ्यांना ती अजून काकाच म्हणायची.

सगळे हसले म्हणून शैलजाही हसली. पण तिनं ते खरं धरलं. त्या घरात डॉक्टरांचा शब्द खरा धरायचीच तिला सवय होती.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर दुपारी झोपले की ती शेडमध्ये जायची. फोनवर व्हिडिओ लावायची, थांबवायची, चष्मा वर करून गाडीकडे बघायची. गाडीच्या बाजूचं काळं झाकण उघडलं तेव्हा तिला धक्काच बसला. आत गिअरबिअर नव्हते. आत पट्टा होता. दोन कप्प्या, आणि त्यांच्यावरून फिरणारा जाड रबरी पट्टा. पुढची कप्पी म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन तिरप्या चकत्या. इंजिन जोरात फिरलं की त्या एकमेकींजवळ सरकतात, मधल्या पट्ट्याला धरतात, आणि गाडी निघते. एवढाच त्या क्लचचा कारभार. ती पायपुसण्यावर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. इतक्या लांब, इतक्या वर्षांनी, या लाल मातीत, एका डब्यात बंद होऊन वडिलांचा पट्टा तिला भेटला होता.

आणि त्यामुळेच ती चुकली.

पट्टा हाताला गुळगुळीत लागत होता, काचेसारखा. चकत्यांवर तपकिरी थर. तिनं यंत्र साफ करायचा फवारा मारून पुसून बघितलं, थर हलला नाही. जुना झाला की असाच होत असेल, असं तिनं मानलं. वडील काय करायचे ते तिला स्वच्छ आठवत होतं. मागाचा चामडी पट्टा गुळगुळीत होऊन घसरायला लागला की ते खिशातून राळेचा खडा काढायचे आणि फिरत्या पट्ट्याला धरायचे. पट्टा लगेच कप्पीला धरायचा, आणि वडील तिच्याकडे बघून भुवई उडवायचे. राळ इथं शोधायला लागणार नव्हती. दारातल्या पाइनच्या खोडावरून ती ओघळून वाळलेलीच होती. तिनं ती खरवडली, खलबत्त्यात कुटली, फडक्यानं पट्ट्याच्या कडांना लावली, झाकण बसवलं. त्या दुपारी ती गुणगुणत होती.

संध्याकाळी डॉक्टरांना बसवलं. "आता बघा हं," म्हणाली, आणि अंगठा दाबला.

गाडीनं जी उडी मारली ती आजवर कधी मारली नव्हती. डॉक्टरांचं कपाळ तिच्या पाठीवर आपटलं, चष्मा उडून मातीत पडला. गाडी तिनं कशीबशी थांबवली. वळून बघितलं तर डॉक्टर रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. डावा हात तिच्या खांद्यात रुतला होता. असं त्यांना तिनं उजवी बाजू गेली त्या सकाळीच पाहिलं होतं.

"आत ने," ते म्हणाले. बाकी काही नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी ते आतल्या खोलीत दार लोटून अमेयशी फोनवर बोलत होते. शैलजा ओट्याशी दोडकी चिरत होती. काय बोलतायत ते तिनं ऐकलं नाही, कारण ती स्वतःशीच बोलत होती. पट्ट्याची पकड कमी नव्हतीच, ती स्वतःला सांगत होती. पकड भरपूर होती. पण ती येते उशिरा, आणि आली की सगळी एकदम येते. सरकायचं ते सरकत नाही. अडतं, अडतं, आणि मग सुटतं. राळ लावून मी अडणाऱ्याला आणखी चिकटवलं. बाबांचा पट्टा वेगळा, हा वेगळा. वडिलांच्या आठवणीवर ती आयुष्यात पहिल्यांदाच रागावली.

पुन्हा झाकण उघडलं ते सकाळच्या उजेडात. डॉक्टरांचा थेरपिस्ट आलेला होता, तेवढा वेळ तिचा. पट्टा उतरवला, साबणानं धुतला, राळ गेली. आता तो तपकिरी थर. तिनं ओलं बोट त्यावर टेकवलं. बोट चिकटलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा चिकटलं. आणि तिच्या लक्षात आलं की हे तेल नव्हे, घाण नव्हे. पाक आहे. दिवाळीत पातेल्याच्या काठाला धरतो तसा. पाकाला फवारे मारून काय उपयोग? तिनं किटलीत पाणी उकळून आणलं, फडकं बुडवलं, चकतीवर धरलं. थर विरघळला आणि फडक्यावर पिवळं उतरलं. चकत्यांच्या मधल्या दांड्यावर, ज्याच्यावरून त्या सरकतात, तिथं तर गोळाच धरला होता. त्या गोळ्यात एक केसासारखा तंतू. तिनं नखानं काढला. काथ्या. आणि क्लचच्या डब्याच्या तळाशी कोपऱ्यात, पुसायला कुणाचा हात जाणार नाही अशा जागी, कुंकवाचा लाल ओघळ.

दसरा. मागच्या दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली होती. अमेयची गाडी, तिची गाडी, आणि एटीव्ही. हार घातले, हळदकुंकू वाहिलं. नारळ अमेय पायरीवर फोडणार होता. पण डॉक्टर म्हणाले, मीच फोडणार, आणि गाडीवरच फोडणार. पुढच्या लोखंडी जाळीवर, डाव्या हातानं, एका घावात. आणि फुटला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सबंध वर्षात त्यांच्या हातून पुरी झालेली ती एकच गोष्ट. नारळाचं पाणी जाळीतून खाली गळलं, तिथं हँडलच्या खाली क्लचला वारा घेणाऱ्या नळीचं तोंड आहे, आणि तिनं फक्त बैठक पुसली. मग सगळे जेवायला गेले. गाडी सुरू केली तेव्हा ते पाणी आत ओढलं जाऊन चकत्यांवर उडालं आणि वाळून बसलं.

वरवंटा. इतके महिने वरवंटा.

ती फडकं हातात घेऊन उभी राहिली. घरात जाऊन सांगता आलं असतं. थेरपिस्टसमोर सांगता आलं असतं. जिभेवर वाक्य तयार होतं, त्याची धारसुद्धा तिला जाणवत होती. मग आतून डॉक्टरांचा आवाज आला. थेरपिस्टला ते इंग्रजीत सांगत होते, लास्ट ऑक्टोबर आय ब्रोक अ कोकोनट विथ दिस हँड. तो म्हणाला, दॅट्स ऑसम, डॉक. शैलजानं फडकं पिळलं आणि पुन्हा गरम पाण्यात बुडवलं. ते वाक्य तिनं कुणालाच सांगितलं नाही. तिनं नवऱ्याला आजवर पुष्कळ काही दिलं होतं, त्यात हे एक. आणि आधीच्या सगळ्यासारखंच, दिल्याचं त्यांना कळलं नाही.

पुढचे दिवस तिनं नीट, न घाई करता काम केलं. दांड्यावरचा पाक पूर्ण निघेपर्यंत गरम पाणी धरलं, चकती हातानं मागंपुढं सरकवून बघितली, पहिल्यांदा अडली, मग सैल झाली, मग सरकत्या दारासारखी सहज सरकली. सगळं कोरडं केलं. भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन चकत्यांच्या आतल्या बाजू तिरप्या तिरप्या घासल्या, काचेची चमक जाऊन मंद राखाडी झाली. पट्ट्याच्या कडा पॉलिशपेपरनं जराशा खरवडल्या. इंजिन उभ्या उभ्या जास्त वेगानं फिरत होतं, तो वेग ठरवणारा स्क्रू थोडा सैल केला. मग रिकामी गाडी घेऊन ती उतारावर हळूहळू फिरली, थांबली, निघाली, थांबली, निघाली, नवा पट्टा चकत्यांना सरावतो तसं त्या जुन्या पट्ट्याला पुन्हा सरावू दिलं. नखं काळी झाली ती निघेनात. तिनं निघायचा आग्रहही धरला नाही.

पॉपॉ पिकायला लागले होते. एका संध्याकाळी ती म्हणाली, "चला."

"नको."

"अहो, एकदा."

डॉक्टर तयार झाले, का ते तिला नंतर कळलं. तिनं त्यांना बसवलं, बांधलं. अंगठा टेकवला. इंजिनाचा आवाज जरासा बदलला आणि पाइनची झाडं मागं जायला लागली. बस, तेवढंच. निघण्याचा क्षण कुठं होता ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. उतारावर तिनं मुद्दाम दोनदा थांबवून पुन्हा सोडली. खांद्यावरचा डॉक्टरांचा हात आधी घट्ट होता, मग सैल झाला, मग त्यांनी तो उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. शैलजाला समोरची वाट क्षणभर पुसट दिसली.

ओढ्याशी गाडी बंद केली. पाण्याचा आवाज. पिकल्या फळांचा वास. ती वाट बघत राहिली.

"अमेय आला होता का मधे?" डॉक्टर म्हणाले.

"नाही. का?"

"मग कुणाला बोलावलंस? गाडी नीट झालेली दिसते."

"मी केली."

"तू?" ते हसले. वाईट हसले नाहीत. नातीनं भातुकलीचा स्वयंपाक वाढल्यावर हसावं तसं हसले. "बरं, बरं. तू तर तू."

"हिसका लागला का?"

"नाही."

"एकही?"

"नाही म्हटलं ना."

"मग झालं तर. आपण इथंच राहणार."

डॉक्टर पाण्याकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "शैला, अमेयला मी हो सांगून टाकलंय. चष्मा पडला त्या दिवशीच. तो दलालाशीही बोललाय. म्हटलं, एकदा ओढा बघून यावा."

तिला वाटलं, पुन्हा हिसका बसला, या वेळी उभ्या गाडीला. "तुम्ही शब्द दिला होतात."

"अगं, गंमत होती ती. जेवताना माणूस बोलतो काहीतरी."

"मी सगळा महिना शेडमध्ये होते."

"मला वाटलं, तुझा वेळ जातोय. बरं आहे."

शैलजा गाडीवरून उतरली. झाडाशी गेली, एक फळ हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही जा मग. अमेयकडे जा. मी इथं राहते."

"आणि मला आंघोळ कोण घालणार? अनया?"

त्यांनी ते रागानं विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. ओढा वाहत होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळानं ती येऊन पुढं बसली. आता अंगठा दाणकन दाबता आला असता. मन तिथपर्यंत गेलंही. पण हात गेला नाही. इतकं सुरेख झालेलं काम त्यांच्यासाठी बिघडवायचं तिच्या जिवावर आलं. चढावर तिनं त्यांना असं आणलं की दारात गाडी उभी राहिली तेव्हा ते अर्धे पेंगत होते.

त्यांना खुर्चीत बसवून ती बाहेर आली तोवर अमेयचा फोन आला.

"आई, बाबांचा टेक्स्ट आला. तू ओके आहेस ना? आय नो इट्स हार्ड."

"ते हो म्हणालेत ना. मग झालं."

"तिकडं तुला कंपनी मिळेल बघ. महाराष्ट्र मंडळ, सगळं. आणि हे, एटीव्ही. टाउनहाउसला ती ठेवू देणार नाहीत. विकायला लिस्ट करतो. ती अजून झटके देते का? तसं लिहावं लागेल."

"नाही देत."

"खरंच? कुणी फिक्स केली?"

"मी."

 मग अमेयचा आवाज खरोखर आनंदानं वर गेला. "आई, यार, यू आर अमेझिंग! मग लगेच जाईल ती."

"हो," शैलजा म्हणाली. "लगेच जाईल."

तिनं फोन कठड्यावर ठेवला. आतून डॉक्टरांची हाक आली, "शैला! चहा!" ती पायऱ्या उतरली, गाडीवर बसली, किल्ली फिरवली. मागची बैठक रिकामी होती. अंगठ्याखाली गाडी अलगद सुटली आणि पाइनमधून खाली गेली. दुसरी हाक आली असेल, तिसरीही आली असेल. ओढ्याशी पाण्याच्या आवाजात ती ऐकू येत नाही. तिनं सगळ्यात मोठं फळ तोडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि उभ्याउभ्या, बिया मातीत थुंकत, एकटीनं सगळं खाल्लं. चहा उशिरा होईल. होऊ दे.